‘क्यूबन’ ह्या नावाचा प्रवास : अमेरिकेतील सागरतीरीय विहारस्थळे आणि दुय्यम साखळीतील बेसबॉल

१

क्रीडेचा इतिहास म्हणजे जयापजयांची नोंद, अशी समजूत सामान्यतः आढळते. परंतु खेळाडूंचे संघ ज्या नावांनी ओळखले जातात त्या नावांकडे भाषाभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले, तर समाजाने उघडपणे न उच्चारलेल्या पुष्कळ गोष्टी त्यांत साठून राहिलेल्या दिसतात. प्रस्तुत लेखात अशाच एका नावाचा मागोवा घ्यावयाचा आहे. ‘क्यूबन’ हे ते नाव. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील दोन विहारस्थळी, सुमारे अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने, दोन बेसबॉल-संघांनी हे नाव धारण केले. पहिल्या संघात क्यूबाचा रहिवासी असा एकही खेळाडू नव्हता. दुसऱ्यात जवळजवळ सर्वच खेळाडू क्यूबाचे होते. असे असूनही दोन्ही ठिकाणी ह्या नावाने एकच काम केले, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. ते काम म्हणजे, खेळाच्या मैदानावर ओढलेल्या वर्णरेषेच्या कोणत्या बाजूला कोणी उभे राहावयाचे हे ठरविणे.

विषयात शिरण्यापूर्वी एका संज्ञेचा खुलासा करणे अवश्य आहे. अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलच्या साखळ्या दोन प्रकारच्या मानल्या जातात. मोठ्या शहरांतील संघांची ती प्रमुख साखळी, म्हणजे ‘मेजर लीग’. आणि लहान शहरांतील, प्रदेशापुरत्या मर्यादित संघांची ती दुय्यम साखळी, म्हणजे ‘मायनर लीग’. १९०१ मध्ये ह्या दुय्यम साखळ्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली व स्वतःची ‘ए’ पासून ‘डी’ पर्यंत वर्गवारी लावून घेतली. दुय्यम साखळीतून प्रमुख साखळीत खेळाडू जात, म्हणून ती उमेदवारीची शाळाही होती. तिचे दार कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी बंद, हा प्रश्न त्यामुळे केवळ लहान गावांच्या करमणुकीपुरता उरत नाही.

२

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बॅबिलन नावाचे गाव आहे. रेल्वेमार्ग आला की त्याच्या टोकाशी मोठे हॉटेल उभारावयाचे व शहरातील धनिकांना उन्हाळ्यात हवापालटासाठी तेथे आणावयाचे, हा त्या काळातील व्यवसायाचा रूढ प्रकार होता. बॅबिलनचे ‘अर्गाइल हॉटेल’ १८८२ मध्ये असेच उभे राहिले. अशा हॉटेलांतून पाहुण्यांच्या पंक्तीला वाढण्याचे काम बहुधा कृष्णवर्णीय सेवक करीत. त्यांच्यावर एक प्रमुख असे. १८८५ च्या उन्हाळ्यात अर्गाइलमधील हा प्रमुख फ्रँक थॉम्प्सन नावाचा गृहस्थ होता, आणि त्याने आपल्या सेवकांतून बेसबॉलचा एक संघ उभा केला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा पहिला व्यावसायिक संघ म्हणून जो इतिहासात प्रसिद्ध आहे, तो ‘क्यूबन जायंट्स’ ह्यातूनच निघाला.

ह्या जन्मकथेची दोन रूपे उपलब्ध आहेत, आणि त्यांतील भेद लक्षात घेण्याजोगा आहे. सोल व्हाइट ह्या कृष्णवर्णीय खेळाडूने १९०७ मध्ये आपल्या समाजाच्या बेसबॉलचा पहिला इतिहास लिहिला. त्यानुसार थॉम्प्सनने हॉटेलातील सेवकांमधून उत्तम खेळणारे निवडले, व पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी हा खेळ सुरू झाला. खुद्द थॉम्प्सनने मात्र ऑक्टोबर १८८७ मध्ये ‘न्यूयॉर्क एज’ ह्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राला निराळी हकीकत सांगितली होती. ती अशी की, त्याने मे १८८५ मध्ये फिलाडेल्फियात ‘कीस्टोन ॲथ्लेटिक्स’ हा संघ आधीच स्थापन केला होता. जुलैत तो बॅबिलनला आणला, आणि ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाचा ‘ओरायन्स’ व वॉशिंग्टनचा ‘मॅनहटन्स’ हे दोन संघ त्यात मिळून नवा संघ झाला. पहिल्या कथेत सेवक आधी येतात व त्यांतून खेळाडू निघतात; दुसरीत खेळाडू आधीच खेळाडू आहेत, आणि हॉटेल हे त्यांच्या उन्हाळ्याच्या उपजीविकेचे साधन आहे. अडीच वर्षांच्या आत, प्रत्यक्ष संस्थापकाने दिलेली असल्यामुळे दुसरी हकीकत अधिक ग्राह्य मानावी लागते. ह्या खेळाडूंचे कौशल्य पाहुण्यांच्या कृपेतून निपजलेले नव्हते, एवढे तीवरून स्पष्ट होते.

पुढील वर्षी न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील वॉल्टर कुक ह्या श्वेतवर्णीय धनिकाने संघाला आश्रय दिला, आणि खेळाडूंना नियमित वेतन मिळू लागले. व्हाइटने दिलेल्या आकड्यांप्रमाणे चेंडू फेकणारा व यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा, म्हणजे पिचर व कॅचर, यांना आठवड्याला १८ डॉलर, आतल्या क्षेत्ररक्षकांना १५ आणि बाहेरच्यांना १२ डॉलर मिळत. शिवाय प्रवासखर्च निराळा. हिवाळ्यात संघातील मंडळी फ्लॉरिडातील सेंट ऑगस्टीन येथे जात. तेथे हेन्री फ्लॅगलरचे ‘पॉन्से दे लिऑन’ हे भव्य हॉटेल जानेवारी १८८८ मध्ये उघडले होते. उन्हाळ्यात उत्तरेचा किनारा आणि हिवाळ्यात दक्षिणेचा, असे हे हंगामी चक्र होते. सेवक आणि खेळाडू ह्या दोन भूमिका एकाच मनुष्यात नांदत होत्या, ह्याचे कारण ह्या चक्रात आहे. विहारस्थळाला पाहुणे रिझविणारा खेळ हवा होता, आणि खेळाडूला बारमाही पोट भरणारा धंदा.

३

आता नावाकडे वळू. ‘जायंट्स’ हा उत्तरार्ध समजण्यास सोपा आहे. न्यूयॉर्कच्या प्रमुख संघाला १८८५ च्याच सुमारास हे नाव पडले होते, व ते लोकांच्या तोंडी नव्याने बसत होते. पण ‘क्यूबन’ का?

ह्याबाबत एक चुरचुरीत आख्यायिका प्रचलित आहे. १९३८ मध्ये एका अमेरिकन मासिकातील लेखात ती सोल व्हाइटच्या नावावर आली. तीप्रमाणे, प्रेक्षकांना आपण परदेशी वाटावे म्हणून हे खेळाडू मैदानावर एकमेकांशी स्पॅनिशसारखी भासणारी निरर्थक बडबड करीत असत. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कथा मोहक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ती स्वीकारण्यात अडचणी आहेत. १८८५ मध्ये व्हाइट सतरा वर्षांचा होता व ह्या संघात नव्हता, म्हणजे ही प्रत्यक्ष साक्ष नव्हे. त्याच्या स्वतःच्या १९०७ च्या ग्रंथात हा प्रसंग नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तत्कालीन वृत्तपत्रे ह्या संघाचा उल्लेख सरळसरळ कृष्णवर्णीयांचा संघ म्हणूनच करतात. म्हणजे फसविण्यासाठी हे नाव घेतले असे मानले, तर त्याने कोणीच फसले नव्हते. जेरी मलॉय ह्या संशोधकाने संघाच्या उगमावरील आपल्या निबंधात ह्या आख्यायिकेची चिकित्सा केलेली आहे.

मग जे नाव कोणालाच खरे वाटत नव्हते ते वापरले का जावे? येथे अर्थविचारातील एक साधे तत्त्व उपयोगी पडते. शब्दाचे कार्य केवळ वाच्यार्थाने होत नाही. बोलणारा व ऐकणारा हे दोघेही ज्याचा वाच्यार्थ खरा मानीत नाहीत, असा शब्दसुद्धा दोघांची सोय करू शकतो. ‘क्यूबन’ म्हटल्याने प्रेक्षकाला आपण कोणाचा खेळ पाहावयास आलो आहोत हे उघड शब्दांत म्हणावे लागत नसे. जाहिरात देणाऱ्याला अप्रिय शब्द टाळता येत असे. नाव खोटे आहे हे ठाऊक असणे हाच ह्या व्यवहाराचा पाया होता. आपल्याकडेही अप्रिय वस्तूचा उल्लेख टाळण्यासाठी पर्यायी शब्द योजण्याची रीत आहे. दिवा ‘मालविणे’ न म्हणता ‘वाढविणे’ म्हणताना विझण्याची क्रिया कोणी विसरत नाही. शिष्टोक्तीचे सामर्थ्य अज्ञानावर नव्हे, तर संमतीवर उभे असते.

ह्या संमतीची मर्यादाही लवकरच दिसून आली. १४ जुलै १८८७ रोजी ‘इंटरनॅशनल लीग’ ह्या अग्रगण्य दुय्यम साखळीच्या चालकांनी बफलो येथील सभेत, यापुढे कृष्णवर्णीय खेळाडूंशी नवे करार मंजूर करू नयेत, असा ठराव सहा विरुद्ध चार मतांनी संमत केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘सेंट लुइस ब्राउन्स’ ह्या प्रमुख संघातील आठ खेळाडूंनी आपल्या मालकाला पत्र लिहून क्यूबन जायंट्सविरुद्ध ठरलेला सामना खेळण्यास नकार दिला. नावाचा आडोसा होता तोवर सामना जाहीर होऊ शकला; परंतु समोरासमोर उभे राहण्याची वेळ येताच तो आडोसा पुरला नाही.

तरीही दुय्यम साखळीचे दार एकदम मिटले नाही. १८८९ मध्ये क्यूबन जायंट्स ट्रेंटनच्या वतीने ‘मिडल स्टेट्स लीग’मध्ये खेळले. १८९० मध्ये ह्या संघातील मंडळी पेनसिल्व्हेनियातील यॉर्क शहराची म्हणून दुसऱ्या एका साखळीत उतरली, व १८९१ मध्ये कनेटिकटमधील अन्सोनियाची म्हणून तिसऱ्या साखळीत. दरवर्षी शहर बदलते, साखळी बदलते; स्थिर असे काहीच नाही. १८९८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सेलोरॉन ह्या सरोवरकाठच्या विहारस्थळी ‘ॲक्मी कलर्ड जायंट्स’ हा संघ एका दुय्यम साखळीत खेळला. श्वेतवर्णीयांच्या साखळीतील कृष्णवर्णीयांचा तो अखेरचा संघ ठरला. लिखित नियम नसताना केवळ परस्परसंमतीने पाळला गेलेला हा बहिष्कार पुढे जवळजवळ अर्धशतक टिकला.

४

दरम्यान नावाचा स्वतंत्र संसार सुरू झाला होता. संघ फुटला व त्यातील बाहेर पडलेल्यांनी ‘क्यूबन एक्स-जायंट्स’ असे नाव घेतले. तेव्हा मूळ संघाच्या मालकाने आपल्या संघापुढे ‘जेन्युइन’, म्हणजे अस्सल, असे विशेषण लावले. ज्यात एकही क्यूबन नाही असा ‘अस्सल क्यूबन’ संघ, ही शब्दयोजना वरवर हास्यास्पद वाटेल. परंतु भाषिक दृष्टीने ती अर्थविस्ताराचा पूर्ण झालेला टप्पा दाखविते. ‘क्यूबन’ हा शब्द आता देशवाचक राहिला नव्हता. तो कृष्णवर्णीयांच्या व्यावसायिक संघाचा वाचक झाला होता, आणि म्हणून त्यात अस्सल व नक्कल असा भेद करता येत होता. ‘जायंट्स’चेही तेच झाले. ‘लेलंड जायंट्स’, ‘लिंकन जायंट्स’, ‘शिकागो अमेरिकन जायंट्स’, तसेच अटलांटिक सिटी ह्या प्रख्यात विहारस्थळाचा, तेथील महापौर हॅरी बॅकरॅक ह्यांचे नाव धारण करणारा ‘बॅकरॅक जायंट्स’, अशी ही मालिका आहे. भिंतीवरील जाहिरातीत हा शब्द वाचला की संघ कोणाचा आहे हे वाचकाला समजे.

१८९९ पासून मात्र क्यूबाचे खरेखुरे संघ अमेरिकेचा दौरा करू लागले. क्यूबात बेसबॉल नवा नव्हता. अमेरिकेत शिकून परतलेल्या तरुणांनी तो १८६० च्या दशकात नेला होता, व १८७८ मध्ये तेथे साखळी स्पर्धाही सुरू झाली होती. १९०० पासून त्या साखळीत गोरे व काळे खेळाडू एकत्र खेळत. असे मिश्र संघ अमेरिकेत आले की एक नवीच अडचण उभी राही. ‘क्यूबन’ शब्दाचा तेथे रूढ झालेला अर्थ कृष्णवर्णीय असा होता. मग जे क्यूबन गोरे दिसतात त्यांचे काय करावयाचे?

१९११ मध्ये सिनसिनाटीच्या प्रमुख संघाने आर्मान्दो मार्सान्स व राफाएल आल्मेयदा ह्या दोन क्यूबन खेळाडूंना घेतले, तेव्हा त्यांच्या वंशशुद्धीची चौकशी करण्यात आली, आणि ते शुद्ध ‘कॅस्टिलियन’ आहेत अशी ग्वाही देताना वृत्तपत्री विनोदाने त्यांची तुलना त्या प्रांताच्या नावाने विकल्या जाणाऱ्या साबणाशी केली. म्हणजे ‘क्यूबन’ शब्दाला लागलेला अर्थ धुऊन काढण्यास आता दुसरा शब्द आणावा लागला. तत्पूर्वी दहा वर्षे, १९०१ मध्ये, जॉन मॅग्रॉ ह्या नामांकित व्यवस्थापकाने चार्ली ग्रँट ह्या कृष्णवर्णीय खेळाडूला ‘टोकोहामा’ नावाचा मूलनिवासी म्हणून संघात घेण्याचा घाट घातला होता व तो फसला होता. ग्रँट तेव्हा आर्कन्सामधील हॉट स्प्रिंग्ज ह्या उष्णोदकाच्या विहारस्थळी हॉटेलात नोकरीस होता. येथेही विहारस्थळ, हॉटेलची नोकरी आणि बदललेले नाव हे त्रिकूट पुन्हा भेटते.

५

ह्या पार्श्वभूमीवर लाँग ब्रँचचा संघ पाहावयास हवा. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील सर्वांत प्रतिष्ठित विहारस्थळांपैकी एक होते. राष्ट्राध्यक्ष ग्रँट १८६९ पासून उन्हाळ्यात तेथे राहात. गोळी लागून जखमी झालेल्या राष्ट्राध्यक्ष गारफील्ड ह्यांना समुद्राच्या हवेसाठी तेथील एल्बेरॉन भागात नेण्यात आले, व १९ सप्टेंबर १८८१ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. १८७० मध्ये जवळच ‘मॉनमथ पार्क’ हे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान सुरू झाले होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्याने जुगारावर बंदी घातली, व तिला १८९७ च्या घटनादुरुस्तीचे बळ दिले. शर्यती गेल्या आणि गावाचा जुना दिमाखही ओसरला. पाहुण्यांना खेचून आणील असे आकर्षण अशा गावाला हवेच असते.

१९१३ मध्ये ‘न्यूयॉर्क-न्यू जर्सी लीग’ ह्या ‘डी’ वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरील, साखळीत ‘लाँग ब्रँच क्यूबन्स’ हा संघ उतरला. जवळजवळ सर्व खेळाडू क्यूबाचे असलेला अमेरिकेच्या दुय्यम साखळीतील हा पहिला संघ होय. पोकीप्सी, न्यूबर्ग, मिडलटाउन, डॅनबरी अशा लहान शहरांच्या संघांना मागे टाकून त्याने पहिल्याच वर्षी अजिंक्यपद मिळविले. त्या विजयाचा शिल्पकार अडॉल्फो लुके हा तरुण पिचर होता. त्याने त्या हंगामात २२ सामने जिंकले व केवळ ५ गमावले. मिगेल गोन्सालेस हा कॅचर व आन्हेल आरागोन हेही संघात होते. पुढील वर्षी संघ नेवार्क, पुन्हा लाँग ब्रँच आणि शेवटी ॲस्बरी पार्क ह्या शेजारच्या विहारस्थळी फिरत राहिला, आणि १९१६ नंतर तो नाहीसा झाला.

संघ अल्पायुषी ठरला, पण त्याने खेळाडूंना पुढची वाट करून दिली. लुके १९१४ मध्ये बॉस्टनच्या प्रमुख संघातून खेळला व पुढे १९३५ पर्यंत प्रमुख साखळीत राहिला. १९२३ मध्ये सिनसिनाटीसाठी त्याने २७ सामने जिंकले, आणि कारकिर्दीतील त्याचे एकूण विजय १९४ भरले. गोन्सालेस १९३८ व १९४० मध्ये सेंट लुइस संघाचा काही काळ व्यवस्थापक झाला. प्रमुख साखळीत हे पद भूषविणारा तो पहिला क्यूबन होता. खेळाडूची पारख चार शब्दांत सांगणारा ‘गुड फील्ड, नो हिट’ हा बेसबॉलमधील रूढ वाक्प्रचार त्याच्याच तारेतून निघाला, असे सांगतात. बनावट स्पॅनिशची आख्यायिका कृष्णवर्णीय अमेरिकनांना चिकटली. खऱ्या स्पॅनिशभाषकाच्या वाट्याला आली ती मोडक्या इंग्रजीची प्रसिद्धी. दोन्ही प्रकारांत परका मनुष्य आधी ऐकला जातो तो हसण्यासाठी, ही गोष्ट समान आहे.

परंतु ज्याला वाट मिळाली नाही त्याचा विचार केल्यावाचून हा वृत्तान्त पुरा होत नाही. होसे मेन्देस हा लुकेचाच समकालीन क्यूबन पिचर होता. १९०८ मध्ये सिनसिनाटीचा संघ हवाना येथे आला असता मेन्देसने त्याला लागोपाठ २५ डावांत एकही धाव काढू दिली नाही. त्याच संघाने तीन वर्षांनी मार्सान्स व आल्मेयदा ह्यांना घेतले. मेन्देसला घेतले नाही, कारण तो काळा होता. लुके १९१२ मध्ये ‘क्यूबन स्टार्स’ ह्या संघातून अमेरिकेतील कृष्णवर्णीय संघांविरुद्ध खेळला होता. पुढच्याच वर्षी तो लाँग ब्रँचला ‘क्यूबन’ म्हणून श्वेतवर्णीयांच्या साखळीत खेळला. मनुष्य तोच, नावातील विशेषणही तेच. परंतु पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ रेषेच्या पलीकडचा होता, आणि दुसऱ्या ठिकाणी अलीकडचा. मेन्देसला असा पलीकडून अलीकडे येण्याचा अर्थभेद उपलब्ध नव्हता. त्याला बेसबॉलच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले ते २००६ मध्ये, मृत्यूनंतर सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. सोल व्हाइटही त्याच वर्षी त्याच यादीत होता.

६

एकंदरीत पाहता ‘क्यूबन’ शब्दाच्या अर्थाचा प्रथम विस्तार झाला व नंतर संकोच झाला. बॅबिलनच्या वेळी त्याने कृष्णवर्णीय अमेरिकनांना आपल्यात सामावून घेतले. लाँग ब्रँचच्या वेळी त्याने कृष्णवर्णीय क्यूबनांना बाहेर ठेवले. दोन्ही क्रियांत क्यूबा ह्या देशाचा संबंध गौण होता. विहारस्थळ हे ह्या व्यवहाराला सोयीचे स्थान ठरले, हाही योगायोग मानता येणार नाही. तेथे येणारा पाहुणा हंगामापुरताच असतो. परक्या नावाचा अनोखेपणा त्याला हवाच असतो, आणि त्या नावाच्या खरेखोटेपणाची चौकशी करण्याची गरज त्याला वाटत नाही. शहरात जे बोचले असते ते समुद्रकाठी करमणूक म्हणून खपते. म्हणून त्या ठिकाणी दार किलकिले होऊ शकले. आणि त्याच कारणाने ते पूर्ण उघडू शकले नाही.

दार उघडले तेही, योगायोगाने म्हणा, पुन्हा एका दुय्यम साखळीच्या संघासाठी व पुन्हा एका सागरतीरीय विहारस्थळी. १७ मार्च १९४६ रोजी फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे जॅकी रॉबिन्सन ‘माँट्रिऑल रॉयल्स’ संघातून सरावाचा सामना खेळला. त्याच फ्लॉरिडातील सॅनफर्ड व जॅक्सनव्हिल ह्या शहरांनी त्याला खेळू दिले नव्हते. रॉबिन्सनने कोणतेही उसने नाव घेतले नव्हते, हा ह्या घटनेतील खरा फरक आहे. दुसऱ्या वर्षी ह्या अडचणी टाळण्यासाठी सरावाचे शिबिर क्यूबात, हवाना येथे नेण्यात आले. तेथे रॉबिन्सन व त्याचे कृष्णवर्णीय सहकारी ह्यांना उर्वरित खेळाडूंपासून वेगळ्या हॉटेलात उतरविण्यात आले. हा निर्णय यजमान क्यूबनांचा नव्हता, तर अमेरिकन व्यवस्थापनाचा होता. ज्या देशाच्या नावाआड साठ वर्षांपूर्वी कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू उभे राहिले होते, त्या देशात प्रत्यक्ष पोहोचल्यावरही त्यांच्यासाठी रेषा त्यांच्याबरोबर प्रवास करीत होती.

इतिहासाच्या अभ्यासकाने नावाला कागदपत्राइतकेच पुराव्याचे मोल द्यावे, असे ह्या विवेचनावरून वाटते. मात्र तो पुरावा वाचताना ‘हे नाव खरे की खोटे’ एवढ्यावर थांबून भागणार नाही. ते कोणाच्या सोयीचे होते, कोणी ते सहजपणे धारण केले, कोणाला ते नाकारले गेले, आणि त्याच्या अर्थात पालट होताना त्या पालटाची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न विचारावे लागतात. क्यूबन जायंट्स व लाँग ब्रँच क्यूबन्स ह्या दोन संघांच्या बाबतीत तरी त्यांची उत्तरे त्या एका विशेषणातच अवगुंठित झालेली आहेत.